अमावास्येची तजवीज

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘रात्र’ हा विषय मुक्रर केल्याचे कळविले, तेव्हा मला प्रथम आठवली ती संगमनेरच्या पश्चिमेची रात्र. पुणे-नाशिक हमरस्त्यावर, प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमाशी वसलेल्या या कसब्याची भौगोलिक स्थिती मोठी विलक्षण आहे. पूर्वेस कालव्यांच्या पाण्यावर पोसलेला उसाचा सपाट मुलूख, त्यातील कारखाने, वसाहती आणि रात्रभर जळणारे रस्त्यावरचे दिवे. पश्चिमेस मात्र, अकोले आणि राजूर मागे टाकून गाडीने दीड-दोन तासांची वाट कापली, की कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्या रांगांत असा अंधार भेटतो, की आकाशगंगेचा पांढुरका पट्टा आणि त्या पट्ट्याला मधोमध दुभंगणारे धुळीचे काळे खंड, दोन्ही नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता यावेत.

या आकाशाचे छायाचित्र घेण्यासाठी मुंबई-पुण्याची मंडळी भंडारदऱ्याला येतात, हे सर्वश्रुत आहे. परंतु संगमनेरातही आता असे तरुण तयार झाले आहेत, जे लग्नसराईत मांडवातली छायाचित्रे काढतात आणि अमावास्या जवळ आली की सरंजाम बांधून पश्चिमेची वाट धरतात. त्यांची छायाचित्रे पाहिली तेव्हा मला कुतूहल वाटले ते एवढ्याचसाठी, की एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंत कमानीसारखी गेलेली संपूर्ण आकाशगंगा त्यांत एकाच चौकटीत दिसत होती, आणि अशी कमान कोणत्याही एका साध्या भिंगात मावत नाही हे तर उघड आहे. ती अनेक तुकड्यांची जोडणी असते; तिला हे तरुण पॅनोरमा म्हणतात. ती कशी जुळते हे पाहावयास गेलो, आणि ध्यानात असे आले, की रात्री डोंगरावर होणारे काम हे एकंदर कामाचा लहानसा अंश असून बाकीचे सारे दिवसाउजेडी, घरात, गच्चीवर आणि पंचांगापुढे बसून उरकावे लागते.

पिशवीतला सरंजाम

एका छोट्या स्टुडिओत, टेबलावर चादर अंथरून, त्यांतल्या एका तरुणाने आपला सगळा सरंजाम माझ्यापुढे मांडला. त्यात कॅमेरा हा सर्वांत कमी बोलण्याचा विषय निघाला. गेल्या दशकातला कोणताही बऱ्या प्रतीचा कॅमेरा या कामी चालतो, असे त्याचे मत. लेन्सबद्दल मात्र तो अधिक आग्रही होता, कारण अंधारात जेवढा प्रकाश आत घ्यावा तेवढा थोडाच; म्हणून १.८ किंवा त्याहून मोठे छिद्र असलेली, २० किंवा २४ मिलिमीटरची एकाच नाभीय अंतराची लेन्स त्याला पसंत. १४ मिलिमीटरची लेन्स घेतली तर तुकडे कमी लागतात, पण तारे बारीक होतात आणि कडांना चित्र ताणले जाते.

खरा कस लागतो तो ट्रायपॉडच्या माथ्यावर. साध्या बॉलहेडवर कॅमेरा फिरविला, तर प्रत्येक फिरकीगणिक क्षितिज थोडे कलते, आणि सहाव्या-सातव्या चौकटीपर्यंत डोंगर आकाशात चढू लागतो. यावर उपाय म्हणून ट्रायपॉड आणि माथा यांच्यामध्ये समतल करणारी एक बैठक बसवितात, तिच्यातील पाण्याचा बुडबुडा मध्यावर आणला की मग माथा कितीही फिरविला तरी पातळी ढळत नाही. आणि माथ्यावर अंशांच्या खुणा असलेली फिरती चकती असते, जिचे खटके अंधारात डोळ्यांनी पाहावे लागत नाहीत, बोटांनी मोजता येतात.

याहून सूक्ष्म गोष्ट म्हणजे ज्याला ही मंडळी नोडल पॉइंट म्हणतात तो बिंदू. कॅमेरा आपल्या तळाच्या स्क्रूभोवती फिरतो, परंतु लेन्स ज्या बिंदूतून जग पाहते तो बिंदू त्याच्या पुढे असतो. त्यामुळे कॅमेरा फिरविताच जवळचे झुडूप दूरच्या डोंगराच्या तुलनेत सरकलेले दिसते, आणि मग दोन चौकटी जोडताना झुडपाला दोन खोडे फुटतात. तारे इतके दूर आहेत, की त्यांच्या बाबतीत हा दोष संभवत नाही. पण पुढ्यात देवळाचा कळस, दगड किंवा माणूस घ्यावयाचा असेल तर तो टाळता येत नाही. त्यासाठी हा तरुण दुपारी गच्चीवर एक काठी जवळ उभी करतो, दूरचा विजेचा खांब तिच्याशी एका रेषेत धरतो, आणि कॅमेरा डावी-उजवीकडे वळविला तरी काठी व खांब यांची रेषा मोडू नये, अशा जागेपर्यंत तो पट्टीवर मागे सरकवीत नेतो. ती जागा सापडली की पट्टीवर रंगाची खूण. प्रत्येक लेन्सची खूण निराळी. हे काम रात्री कडाक्याच्या वाऱ्यात कोणाच्याने होणार?

उरलेला सरंजाम किरकोळ दिसतो, परंतु त्यातील एकही जिन्नस विसरला तर रात्र फुकट जाते: हात न लावता शटर उघडणारा रिमोट, लेन्सच्या कडेभोवती गुंडाळण्याचा, पॉवर बँकेवर चालणारा उबदार पट्टा, कारण जलाशयाच्या काठी हिवाळ्यात काचेवर दव धरते, जादा बॅटऱ्या, ज्या थंडीत लवकर उतरतात म्हणून सदऱ्याच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवावयाच्या, चिकटपट्टी, दोन रिकामी मेमरी कार्डे, आणि कपाळावर बांधण्याचा लाल दिवा. लाल यासाठी, की अंधाराला पुरते सरावण्यास डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या प्रकाशाचा एक झोत ती सारी कमाई क्षणात घालवितो; मंद लाल प्रकाशाने ती बव्हंशी टिकते.

किती चौकटी, किती सेकंद

फुल-फ्रेम कॅमेरा उभा धरून २४ मिलिमीटरची लेन्स लावली, तर एका चौकटीत रुंदीचे सुमारे ५३ अंश मावतात. कौलारू छपरावर जसे एक कौल दुसऱ्यावर चढवून बसवावे लागते, तसा प्रत्येक चौकटीचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग पुढच्या चौकटीवर चढला पाहिजे. म्हणून दर खेपेला कॅमेरा फक्त ३० अंश फिरवावयाचा. आकाशगंगेची कमान क्षितिजाचा अर्धाअधिक घेर व्यापते, तेव्हा एका ओळीत सात-आठ चौकटी, आणि जमीन धरून दोन ओळी म्हणजे पंधरा-सोळा.

आता सेकंदांचा प्रश्न. पृथ्वी फिरते, म्हणून तारे स्थिर नाहीत. शटर अधिक वेळ उघडे ठेवले की ताऱ्याचा ठिपका न राहता रेघ होते. जुना ठोकताळा असा, की ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरांनी भागावे. २४ ला सुमारे २० सेकंद येतात. आजच्या दाट संवेदकांना हा हिशेब ढिला पडतो, म्हणून जाणकार १२ ते १५ सेकंदांवर थांबतात आणि संवेदनक्षमता, म्हणजे आयएसओ, ३२०० ते ६४०० ठेवतात. सोळा चौकटी, प्रत्येकी पंधरा सेकंद आणि मध्ये फिरविण्याचा वेळ धरला तर पाच-सहा मिनिटे सहज जातात. तासाला १५ अंश या वेगाने आकाश तेवढ्यात सव्वा-दीड अंश सरकते, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या जवळजवळ तिप्पट. एवढा सरक संगणक जुळवून घेतो. परंतु मध्येच कोणी चहासाठी थांबला, तर पहिल्या आणि शेवटच्या चौकटींत आकाशाचा आणि डोंगराचा मेळ राहत नाही. म्हणून हाताला वळण लागेपर्यंत घरच्या अंगणात, दिवे मालवून, हीच फिरकी पुन्हा पुन्हा घटविली जाते.

काही जण पृथ्वीच्या उलट गतीने फिरणारे यंत्र, ज्याला ट्रॅकर म्हणतात, ते कॅमेऱ्याखाली लावतात आणि एकेक चौकट दोन-तीन मिनिटे घेतात. त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. आपल्या या भागात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेएकोणीस अंश वर असतो, त्यामुळे उत्तरेचा कडा आड आला की तो दिसतच नाही, आणि जागा निवडताना दक्षिणेचे आकाश पाहणाऱ्याला उत्तरेचीही चौकशी करावी लागते. शिवाय यंत्र आकाशाबरोबर फिरत असल्यामुळे जमीन धूसर येते, आणि ती यंत्र थांबवून निराळी टिपावी लागते. नवशिक्याने या फंदात प्रथमच पडू नये, हे मला पटले.

पंचांग आणि क्षितिज

येथवरचे सारे कोणत्याही देशातील माणसास लागू. पुढचे मात्र आपल्या भिंतीवर टांगलेल्या पंचांगाशी बांधलेले आहे, आणि मला या साऱ्या उद्योगात सर्वांत रस वाटला तो येथेच.

आकाशगंगेचा सर्वांत दाट आणि तेजस्वी भाग धनू राशीत, वृश्चिकाच्या नांगीशेजारी आहे. संगमनेरच्या अक्षांशावर तो दक्षिणेस जास्तीत जास्त चाळीस-एकेचाळीस अंशांपर्यंत चढतो. युरोपच्या उत्तर भागात तो क्षितिजाला चिकटून राहतो. या बाबतीत आपण भाग्यवान. परंतु तो ज्या महिन्यांत रात्री बराच वेळ आकाशात असतो ते आषाढ-श्रावणाचे महिने सह्याद्रीत ढगांनी व्यापलेले. म्हणून आपल्या वाट्याला दोन ऋतू उरतात, आणि दोन्ही सणांशी जोडलेले आहेत.

पहिला ऋतू महाशिवरात्रीपासून सुरू होतो. माघ वद्य चतुर्दशी ही अमावास्येची आदली रात्र. त्या रात्री आकाशगंगेचा मध्य पहाटे दोन-तीनच्या सुमारास आग्नेयेस उगवतो. पुढे तो दररोज चार मिनिटे, म्हणजे महिन्याला दोन तास, लवकर येतो. गुढीपाडव्याच्या आदल्या अमावास्येला तो मध्यरात्र ते दीड या दरम्यान वर येतो, आणि या रात्रीचे एक वैशिष्ट्य असे, की उगवतेवेळी सारी आकाशगंगा क्षितिजाला जवळजवळ समांतर लोळत असते. अडीच तासांनी ती पूर्वेकडे उत्तर-दक्षिण अशी कमान धरून उठते आणि त्या कमानीचा माथा तीस अंशांच्या आसपास येतो. पॅनोरमासाठी याहून सोयीची स्थिती नाही, कारण कमान बुटकी असल्यामुळे जमीन आणि आकाश दोन ओळींत मावतात. आणखी तास-दीड तासाने ती इतकी उंच जाते, की तिसरी ओळ घ्यावी लागते. पहाटेच्या या कामाला शुक्ल पक्षाचा पूर्वार्धही चालतो, कारण तेव्हाचा चंद्र आधीच मावळलेला असतो. पाडव्यापासून चैत्र शुद्ध सप्तमी-अष्टमीपर्यंतच्या पहाटा म्हणून मोकळ्या मिळतात. अडचण एकच: या दिवसांत डोंगरातले वणवे आणि पुढे शेतातली राब-भाजणी यांचा धूर हवेत साचतो.

दुसरा ऋतू दिवाळीचा. लक्ष्मीपूजन अमावास्येला असते हे आपण जाणतो. परंतु वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतच्या साऱ्या संध्याकाळी छायाचित्रकाराच्या दृष्टीने चंद्रहीन असतात, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पावसाने हवा धुतलेली असते. साडेसातच्या सुमारास पुरता अंधार पडला, की आकाशगंगा नैर्ऋत्येस खांबासारखी उभी दिसते आणि डोक्यावरून ईशान्येकडे जाते. दिवाळी ऑक्टोबरात आली तर तिचा मध्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, उशिरा, नोव्हेंबरात पडली तर आठ-साडेआठलाच. म्हणजे हाती वेळ अर्ध्या ते दोन तासांचा, आणि कमानीऐवजी खालून वर रचलेला तीन-चार चौकटींचा उभा पॅनोरमा.

या दोन ऋतूंना जागाही दोन लागतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचे मुख पश्चिमेकडे आहे, म्हणून पाडव्याच्या पहाटेची पूर्वेची कमान तेथे पाठीशी पडते, आणि कड्याखाली ठाणे-मुंबईकडच्या दिव्यांचा तांबूस फुगवटा दिसतो. उलट, भंडारदरा जलाशयाच्या शेंडीकडील काठावर उभे राहिले तर रतनगड नैर्ऋत्येस येतो, म्हणजे दिवाळीच्या संध्याकाळी आकाशगंगेचा तेजस्वी भाग ज्या दिशेला असतो बरोबर त्याच दिशेला. ही जुळणी नकाशावर पट्टी ठेवून, किंवा स्टेलॅरियमसारख्या मोफत प्रणालीत तारीख आणि गावाचे अक्षांश-रेखांश घालून, महिनाभर आधी तपासता येते. तपासली पाहिजे.

जेऊरचा तळ

आकाशाच्या चित्रासाठी एवढी जय्यत तयारी करण्याची परंपरा आपल्या मुलखात नवी नाही. १८९८ च्या जानेवारीत खग्रास सूर्यग्रहणाची छाया पश्चिम भारतावरून गेली, तेव्हा पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी आपला तळ टाकला तो सोलापूरकडच्या लोहमार्गावरील जेऊर येथे. खग्रास स्थिती होती सुमारे दोन मिनिटांची. आणि तेवढ्या दोन मिनिटांसाठी दुर्बिणी, वर्णपटदर्शक आणि छायाचित्रांच्या काचा माळावर नेऊन, प्रत्येक यंत्रापाशी माणूस नेमून, सर्व मांडणी आधी उभी करावी लागली. त्या काळी काचपट्टीवर चित्र उमटले की नाही हे धुतल्याखेरीज कळत नसे. आजच्या तरुणाला चौकट तत्क्षणी पडद्यावर दिसते. परंतु वेळ मोजकी आणि ती चुकली की परत येणारी नव्हे, ही अट दोघांनाही सारखीच लागू आहे, आणि ज्याने मांडणी आधी केली त्यालाच ती पाळता येते.

शेंडीच्या काठावर

त्या तरुणासोबत आम्ही दुपारीच निघालो, कारण अनोळखी जागेत अंधारात प्रथम पाऊल ठेवावयाचे नाही, हा या मंडळींचा दंडक. हा सारा प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, तेव्हा वनखात्याची नोंद आणि शुल्क, तेथील नियम, गावात मुक्कामाची सोय यांची विचारपूस आधीच झाली होती. रस्त्यात उसाच्या पट्ट्यातून जाताना बिबट्याचा विषय निघणे अपरिहार्य होते; एकट्याने जाऊ नये, बसून वाकून काम करताना सोबत्याने उभे राहून चौफेर लक्ष ठेवावे, पायांत उंच बूट असावेत, एवढे पथ्य येथे सर्व जण पाळतात.

सूर्य असतानाच जागा ठरली. प्रवरेवर इंग्रजी अमदानीत, १९२६ साली, पुरे झालेल्या भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाचे पाणी पुढे पसरलेले होते आणि पलीकडे रतनगडाचा सुळका. ट्रायपॉडचे पाय दगडांवर घट्ट रोवले, बुडबुडा मध्यावर आणला, वाऱ्याला तोंड देण्यासाठी मधल्या आकड्याला गोट्यांची पिशवी टांगली. संधिप्रकाश शिल्लक असताना जमिनीच्या चौकटी कमी आयएसओवर घेऊन ठेवल्या, कारण मागाहून रात्रीच्या काळ्याभोर जमिनीत जे तपशील सापडत नाहीत ते यांतून मिळतात. मग कॅमेरा त्याच जागी ठेवून वाट पाहणे.

पहिला ठळक तारा दिसताच त्याच्यावर लेन्स नेऊन, पडद्यावर तो दहापट मोठा करून, कडे हलक्या हाताने फिरवीत तो बारीकात बारीक ठिपका होईपर्यंत फोकस साधला. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नये, असे तो तरुण दोनदा म्हणाला. फोकस लागताच कड्यावर चिकटपट्टी. प्रकाशाचा रंग, छिद्र, सेकंद, आयएसओ हे सारे हाताने नक्की केले, कारण कॅमेऱ्याला स्वतःचा विचार करू दिला तर प्रत्येक चौकट निराळ्या रंगाची येते आणि जोडावर पट्टे पडतात. एक चाचणी, पडद्यावर ताऱ्यांची तपासणी, आणि मग कामाला आरंभ झाला तेव्हा कोणी बोलत नव्हते. फक्त चकतीचे खटके ऐकू येत होते. अगदी थोड्या वेळात सर्व चौकटी झाल्या. लगेच दुसरी फेरी, मग तिसरी, कारण मध्येच एखादे विमान जाते, एखाद्या वाहनाचा दिवा वळणावर लखकन फिरतो, आणि एका फेरीतील बिघडलेली चौकट दुसरीतून घेता येते. शेवटी झाकण लावून काही काळ्या चौकटी घेतल्या, ज्यांच्या आधारे संवेदकाचे खोटे ठिपके घरी वजा करता येतात.

घरची जोडणी यापुढे सोपी. पीटीगुई किंवा मोफत मिळणारी हगिन ही प्रणाली चौकटींतील समान तारे ओळखून त्यांना एकमेकांवर बसविते. रान आणि पाणी यांच्या जोडावर मात्र हाताने काम करावे लागते. रंग किती गडद करावेत, याविषयी मात्र माझे मत स्पष्ट आहे: डोळ्यांना जी कधीच जांभळी दिसली नाही ती आकाशगंगा जांभळी करणे हा त्या रात्रीवर अन्याय आहे.

अंधाराची राखण

शेंडीच्या काठावर उभे असता उत्तरेस नाशिकचा, पूर्वेस अकोले-संगमनेरचा आणि पश्चिमेस घाटाखालचा असे प्रकाशाचे फुगवटे क्षितिजावर दिसतात. पण छायाचित्र बिघडविणारा दिवा बहुधा याहून जवळचा असतो: जलाशयाकाठच्या एखाद्या विश्रामस्थानाच्या फाटकावरील, वर तोंड केलेला पांढराफेक झोत. निळसर पांढरा प्रकाश हवेत अधिक विखुरतो, आणि वर गेलेला प्रकाश कोणाच्याच उपयोगी पडत नाही. संगमनेरहून पुण्याकडे जाताना नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिला प्रकाशाचा नव्हे, पण रेडिओ-कोलाहलाचा त्रास होतो, आणि तिच्या परिसराची शांतता सांभाळण्याचे भान आपल्या राज्याला आहे. २०२४ च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे अंधार राखणे हीही शासकीय जबाबदारी होऊ शकते, हे येथेच सिद्ध झाले आहे.

भंडारदरा, रतनवाडी, घाटघर, पाचनई या गावांच्या पंचायतींनी आणि तेथील निवासस्थानांच्या चालकांनी फार काही करावयाचे नाही. दिव्यांना वरून झाकण बसवावे, पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा लावावा, आणि अमावास्येच्या आगेमागे रात्री दहानंतर अनावश्यक दिवे मालवावेत. गावकऱ्यांच्या वाटेवरचा दिवा त्यामुळे कमी होत नाही, आणि या आकाशासाठी येणारा प्रवासी त्यांच्याच घरी जेवतो व राहतो. अकोले आणि संगमनेर तालुक्यांतील लोकप्रतिनिधींनी हा विषय येत्या पाडव्याच्या आत पंचायतींपुढे ठेवावा, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.